ओल्या फडक्याखालची कणीक

१

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की प्रतिमा संध्याकाळची कणीक मळून ठेवायची. ही तिची मिरजेची सवय. माहेरी तसंच, सासरीही तसंच. दुपारी मळायची, ओलं फडकं घालून मुरू द्यायची, मग पोळ्या कशा, तोंडात घातल्या की विरघळतात. लखनौला येऊन इतकी वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती आणि विकास नगरातला शेजार हसायचा थांबला नव्हता. इकडे आटा मळला की लगेच तवा चढतो. बाजूच्या श्रीवास्तव भाभी तर म्हणायच्या, "प्रतिमाजी, आप लोग तो आटे को भी दोपहर की नींद सुलाते हो!"

आणि मळून झालं की शेवटी एक काम राहायचं. गोळा नीट गोल करायचा आणि वरून चार बोटं दाबून उमटवायची. खोल, लांबून दिसतील अशी. लहानपणी आईनं हातावर चापट मारून शिकवलेलं. नुसता गुळगुळीत गोळा ठेवायचा नाही, तो पिंडासारखा दिसतो. मेलेल्या माणसापुढं ठेवतात तो पिंड. जिवंत माणसांच्या घरात कणकेवर बोटं पाहिजेत. प्रतिमा बीएस्सी झालेली, असल्या गोष्टी मानायची असं नाही. पण तिची बोटं आपसूक जायची. दोन वर्षं आजारात गेली, अंघोळीचा कंटाळा यायचा, वेणी घालायचा कंटाळा यायचा, पण कणकेवरची बोटं कधी चुकली नव्हती.

आता आजार म्हणजे ताप नाही, खोकला नाही, कुणाला काढून दाखवता येईल असं काही नाही. सकाळी डोळे उघडले की कुणीतरी भिजलेली गादी अंगावर टाकून गेल्यासारखं वाटायचं, ते दिवसभर. गोळी चालू होती. तिनं आधी बरं वाटलं, मग तीही बोथट झाली. हजरतगंजच्या डॉक्टर रस्तोगीबाईंनी दिवाळीनंतर सांगितलं, ही बदलू. जुनी हळूहळू उतरवायची, नवी हळूहळू चढवायची. मधले काही आठवडे अवघड जातात, धीर सोडायचा नाही. अवघड म्हणजे काय ते अंगावर आल्यावर कळलं. मान वळवली की डोक्यात टचकन वीज चमकायची. जुना टीव्ही बंद करताना पडदा मिटायचा ना, तसं क्षणभर सगळं मिटून परत उघडायचं. तोंडाला कोरड. हातातलं काम हातातच राहून जायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. परात काढली, पिठाचा डबा काढला, आणि एकदम सगळ्याचाच वीट आला. नंतर बघू म्हणून ती वर गच्चीवर उन्हात जाऊन बसली. डिसेंबरात तिथली घरं आतून विहिरीसारखी गार, माणसं दुपारभर गच्चीवरच असतात. ऊन कललं तशी ती खाली आली.

ओट्यावर परात होती. परातीवर ओलं फडकं होतं. उचललं, तर खाली कणीक. मळलेली, तेलाचा हात लावलेली, गोल. आणि वर बोट नव्हतं. एकही नव्हतं. नुसती चकचकीत, गुळगुळीत.

"मळली असेल मीच," प्रतिमा मोठ्यानं म्हणाली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं, तरी म्हणाली. मग तिनं हात उलटेसुलटे करून बघितले. नखात कणकेचा कण नव्हता.

तिनं बोटं उमटवली आणि फडकं परत टाकलं.

२

"आज पोळ्या काय झाल्यात!" तिचा नवरा सुबोध पहिला घास घेताच म्हणाला. "किती दिवसांनी."

अंतरा खाली मान घालून जेवत होती. मुलगी बारावीला. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं, आणि गेली दोन वर्षं उत्तरसुद्धा फारसं यायचं नाही. आई अंधारात पडून आहे, बाबा त्यांच्या संशोधन संस्थेत आहेत, मग ती आपली दार लावून खोलीत. जुलैत कुठल्यातरी कॉलेजात जायची, हॉस्टेलला. प्रतिमाच्या मनात दुसरं काही नव्हतंच. जुलैच्या आत आपण उठून बसलो, पोरीशी चार शब्द बोललो, तर ती घर सोडताना आई सोबत घेऊन जाईल. नाहीतर नुसती बंद खोली घेऊन जाईल. एवढ्यासाठी तर नव्या गोळीचा हा सगळा वनवास.

"मम्मी, एक और," अंतरानं ताट पुढं केलं.

प्रतिमानं पोळी वाढली. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

"सुबोध, ही कणीक मी मळलेली आठवत नाही मला."

सुबोध झाडांच्या रोगांवर काम करणारा माणूस. त्याला प्रत्येक गोष्टीला कारण लागायचं, आणि ते छापलेलं असलं तर फारच उत्तम. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून येतो तो पातळ कागद त्यानं खिशातच ठेवला होता. तो त्यानं उलगडला, चष्मा वर केला.

"विसराळूपणा. हे बघ, लिहिलंय."

"आणि बोटं? बोटं उमटवायला मी कधी विसरत नाही."

"विसराळूपणात सगळं आलं गं."

"मला डोक्यात करंट बसल्यासारखं होतं."

"तेही लिहिलंय."

"मला तुझा राग येतो."

त्यानं कागद जवळ धरला. "चिडचिड. आहे."

"मी जिन्यावरून पडले आणि पाय मोडला तर तेही त्यात निघेल," प्रतिमा म्हणाली. "कुठल्यातरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असेलच."

अंतरा फिसकन हसली. पाणी नाकात गेलं तिच्या. सुबोधही हसला. प्रतिमाला हसू आलं नाही. पण मुलगी हसली म्हणून तिनं पुढचं बोलणं गिळून टाकलं.

३

मग कडाक्याची थंडी पडली आणि कलेक्टरनं शाळा बंद ठेवायला सांगितल्या. अंतरा घरी. सकाळभर धुकं, समोरचं घर दिसत नाही. दुपारी मात्र ऊन असं स्वच्छ की डोळे दिपावेत. प्रतिमा गच्चीवर चटईवर बसलेली. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडं श्रीवास्तव भाभी मटार सोलत होत्या.

टक. टक. टक-टक.

तो आवाज प्रतिमा झोपेतही ओळखेल. तिच्या परातीचा एक काठ चेपलेला. कणकेवर जोर दिला की परात ओट्यावर डुलायची आणि काठ वाजायचा. गच्चीच्या कोपऱ्यात खालच्या हवेसाठी उघडा चौक होता, त्यातून आवाज वर येत होता. धीमा, एका लयीत. घाईचं काहीच काम नसलेल्या बाईचं मळणं.

"खाली कोण मळतंय?"

"क्या?" भाभींनी मान वर केली.

"नीचे कोई आटा गूंध रहा है."

भाभींनी कान दिला. "हाँ तो. अंतरा होगी. अच्छा है, सीखे थोड़ा."

म्हणजे भाभींनाही ऐकू आलं होतं. प्रतिमाला हायसं वाटायला पाहिजे होतं. ती उठली, जिना उतरली. उतरता उतरता आवाज थांबला. स्वयंपाकघरात परात, फडकं, फडक्याखाली गोळा. गुळगुळीत. बाजूच्या स्टुलावर अंतराचं गणिताचं पुस्तक उघडं.

"अंतरा! कणीक तू मळलीस?"

खोलीतून अंतरा आली, पेन्सिल कानामागं. "मैंने? आटा?" तिला खरंच गंमत वाटली. "मम्मी, आप ही तो गूंध रही थीं. मैं यहीं बैठ के मैथ्स कर रही थी."

"आत्ता?"

"अभी. फिर आप छत पे गईं, और अब फिर आ गईं. क्या हुआ?"

"मी काय बोलले तुझ्याशी?"

"कुछ भी नहीं." अंतरानं खांदे उडवले. मग जरा लाजून म्हणाली, "इसीलिए तो अच्छा लगा. आप बस थीं वहाँ. ना रोना, ना पूछना कि खाया कि नहीं. बस थीं."

प्रतिमा तशीच परत वर गेली. जिना चढताना धाप लागली. भिंतीला हात लावून तिनं विचारलं, "भाभी, मैं अभी नीचे गई थी क्या? आवाज़ आने से पहले?"

"आप?" भाभींनी शेंग फोडली. "आप तो हिली भी नहीं. मैंने पूछा मटर चाहिए, आपने मुंडी हिला दी. आँख लग गई थी क्या?"

"आपके यहाँ आटे पे उँगलियाँ दबाते हैं?"

भाभींचा हात थांबला. "लो! क्यों नहीं. नहीं तो पिंड जैसा लगता है. दिन-दहाड़े ये क्या याद आया आपको, राम राम."

४

डॉक्टर रस्तोगीबाई चांगल्या होत्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण प्रतिमाला त्यांच्यावर राग काढायचा होता आणि काढता येत नव्हता. त्या घाई करायच्या नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडं बघून ऐकायच्या.

हजरतगंजला अंतरा बरोबर आली होती. आपणहून. मेट्रोत तिनं आईच्या दंडाला धरलं होतं, आणि प्रतिमा प्रवासभर त्या दंडाकडंच लक्ष ठेवून होती, हात निसटू नये म्हणून.

"नींद?"

"आती है. टूट-टूट के."

"भूख?"

"ठीक."

"कुछ ऐसा दिखता है, सुनाई देता है, जो औरों को नहीं? शर्माइए मत. दवा बदलते वक़्त किसी-किसी को होता है."

प्रतिमानं तोंड उघडलं. काय सांगायचं? बाई, माझं उलटं आहे. जे मला दिसत नाही ते बाकीच्यांना दिसतं. माझी मुलगी तिच्या शेजारी बसून गणितं सोडवते. माझा नवरा तिच्या हातच्या पोळ्या खातो. सगळ्यांना ती दिसते, मला तेवढी तिची कणीक दिसते. असं सांगितलं तर काय होईल हे ओळखणं काही अवघड नव्हतं. डॉक्टर काळजीनं मान हलवतील.

"ऐसा कुछ हो," बाई म्हणाल्याच, "तो सीधे मुझे फ़ोन कीजिए. उसी दिन. हम ये नई वाली रोक देंगे, दूसरा रास्ता देखेंगे. घबराने की बात नहीं."

रोक देंगे. म्हणजे परत ती भिजलेली गादी. परत पडदे लावलेली खोली, परत अंतराचं बंद दार, आणि तेवढ्यात जुलै.

"मम्मी बहुत बेटर हैं, डॉक्टर," अंतरा मधेच म्हणाली. "सच में. दोपहर को तो बिल्कुल पहले जैसी."

डॉक्टरांनी प्रतिमाकडं बघितलं. "आप बताइए. आपको कैसा लगता है?"

अंतराचा हात अजून दंडावर होता.

"ठीक आहे," प्रतिमा म्हणाली. "ठीक हूँ. कुछ नहीं है."

बाहेर आल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, तेच कळेना. फुटपाथवरच्या गर्दीत एका माणसाचा धक्का लागला तर ती त्याच्यावर एवढी खेकसली की अंतरानं हात सोडला. मग घरापर्यंत पोरीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही.

५

हे आपणच करतो, असं प्रतिमानं स्वतःला समजावलं. दुसरं काय असणार? डोक्यात पडदा मिटतो आणि उघडतो, त्या मधल्या वेळात हात काम करत असतील. भाभी मटारात गुंतलेल्या, त्यांना काय कळतंय कोण उठलं आणि कोण बसलं. नखं स्वच्छ? धुतली असतील. सुबोध म्हणतो तसं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. फक्त बोटांना कारण सापडत नव्हतं. हातानं मळलेल्या कणकेवर कुठंतरी बोटाचा खळगा राहतोच, उमटवा नाहीतर नका उमटवू. हिच्यावर तसलं काहीच नव्हतं.

मग तिनं ठरवलं, गच्चीवर जायचंच नाही. दुपारी स्वयंपाकघरात स्टूल टाकून ती परातीसमोर बसून राहिली, शाल लपेटून. पाय गारठले. नळ ठिबकत होता, फ्रीज मधेच धडधडून गप्प व्हायचा. अंतरा एकदा पुस्तक घेऊन दारापर्यंत आली, आईला तसं टक लावून बसलेलं बघितलं आणि तशीच मागं फिरली. खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

कुणी आलं नाही. परातीत पीठ तसंच कोरडं. संध्याकाळी प्रतिमानं स्वतः मळलं, पाणी जास्त झालं, वर पीठ लावलं, तेही जास्त झालं. पोळ्या पापडासारख्या कडक.

"आज काय झालं?" सुबोधनं विचारलं. वाईट हेतूनं नाही.

"आज मी केल्यात," प्रतिमा म्हणाली.

सुबोधचा हात खिशातल्या कागदाकडं जायला लागला.

"तो कागद काढलास ना," ती म्हणाली, "तर याच आमटीत बुडवीन."

अंतरा हसली नाही. अर्धी पोळी टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी प्रतिमा गच्चीवर जाऊन बसली. रागानंच बसली. घे बाई, मळ. तुझ्याच हातची लागते सगळ्यांना.

६

त्या दुपारी ती खाली आली तर घरभर खोबरेल तेलाचा वास.

थंडीत तेल गोठतं, बाटली गरम पाण्यात धरावी लागते. गॅसवर पातेलं होतं, पाणी अजून कोमट. वाटीत तेल पातळ झालेलं. अंतरा खाली चटईवर पाय पसरून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, केस मोकळे, मुळापासून तेलानं चिंब. चेहरा असा सैल, असा लहान, की प्रतिमाला ती चौथीत होती तेव्हाची आठवली. तेव्हा रविवारी प्रतिमाच तेल चोळायची आणि पोर चोळता चोळता तिच्या मांडीवर झोपायची. आजारपण आलं आणि ते सुटलं. कितीदा मनात आलं होतं, हाक मारावी, ये गं तेल लावते. हाक तोंडापर्यंत यायची नाही.

"कुणी लावलं?"

अंतरा हसली, डोळे न उघडता. "मम्मी, प्लीज़. मज़ाक मत करो, नींद आ रही है."

प्रतिमानं स्वतःच्या हातांचा वास घेतला. शालीचा वास. उन्हाचा वास. तेलाचा नाही.

"कल फिर लगाना," अंतरा म्हणाली. "पक्का?"

"हो," प्रतिमाच्या तोंडून निघालं. मग तिनं न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. भीतीनं नव्हे. संतापानं. दोन वर्षं जे करायला मी तळमळले, गोळ्या गिळल्या, करंट सोसले, ते कोणीतरी येऊन असं एका दुपारी करून जाते. आणि मी तिच्या नावानं ओरडावं तर तेही माझंच नाव.

७

ती कणीक कोण मळतं ते बघायला दुसरं कुणी नको, आपणच बघायचं, असं ठरवून दुसऱ्या दिवशी प्रतिमा गच्चीवर गेली. चटई घातली. चपला काढून चटईशेजारी ठेवल्या, म्हणजे भाभींना वाटावं ती तिथंच आडवी झाली आहे. अंतरा मैत्रिणीकडून वही आणायला मागच्या गल्लीत गेलेली. घरात कुणी नव्हतं, हे प्रतिमाला पक्कं ठाऊक होतं.

टक. टक-टक.

अनवाणी, भिंतीला धरून, ती जिना उतरली. फरशी बर्फासारखी. मान सरळ ठेवली, अजिबात वळवली नाही. वळवली की डोक्यात वीज चमकणार आणि नेमकं तेवढ्यात जे बघायचं ते निसटणार. या वेळी आवाज थांबला नाही.

स्वयंपाकघराला डासांच्या जाळीचं दार होतं. जाळीतून सगळं जरा धुरकट दिसतं. ओट्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. मरून स्वेटर. तोच मरून स्वेटर प्रतिमाच्या अंगावरही होता, कोपराला उसवलेला. त्या बाईचाही कोपर उसवलेला होता. अंबाडा मात्र नीट घातलेला, एक केस सुटलेला नाही. पाठ ताठ, हलकी. ओझं नसलेल्या माणसाची पाठ. प्रतिमाला आधी तिचा हेवाच वाटला, खरं सांगायचं तर. भीती मागून आली.

बाई मळत होती. खांद्यातून जोर द्यायची, परात डुलायची, काठ वाजायचा. मग तिनं मळायचं थांबवलं आणि तांब्यातलं पाणी घ्यायला उजवा हात बाजूला केला. खिडकीतून ऊन येत होतं, हात त्या उन्हात आला.

मनगट होतं. पिठानं पांढरं झालेलं. पुढं तळहात होता, मऊ, भरलेला. आणि तळहात जिथं संपतो तिथं तो संपला. कापलेलं नाही, जखम नाही, वण नाही. गोळ्याला तेलाचा हात लावून गोल करावं तसा तो गोल होत गेला होता आणि पुढं काही नव्हतं.

तो गोल हात तिनं तांब्यात बुडवला, वर काढला, आणि पाणी निथळू दिलं.

प्रतिमाची मान वळली. कशी वळली देव जाणे. डोक्यात टचकन झालं, सगळं मिटलं, उघडलं. ओट्याशी कुणी नव्हतं. परात अजून डुलत होती. तिनं जाळीचं दार ढकललं आणि आत शिरली. आता ही भीती होती की आणखी काही, ते कळायलाही वेळ नव्हता. "माझ्या ओट्यावर?" ती ओरडली. "माझ्या पोरीच्या डोक्यावर हे हात?" दोन्ही हातांची बोटं तिनं कणकेत खुपसली, मुळापर्यंत, आणि उपसून काढली. आठ खोल भोकं पडली.

कणीक कोमट होती. तिच्या डोळ्यांदेखत भोकं हळूहळू भरत आली. नीट मळलेली कणीक तशी वर येतेच, हे प्रतिमाला माहीत होतं. पण एवढी येत नाही. शेवटचा खळगा बुजला आणि गोळा परत चकचकीत झाला.

८

तिनं चटकन फडकं टाकलं, मेलेल्या माणसाच्या उघड्या तोंडावर टाकतात तसं, आणि फोन घेऊन बैठकीत आली. बस झालं. गोळी थांबली तर थांबू दे. वेडी म्हणाले तर म्हणू दे. हे सांगायलाच हवं. डॉक्टर रस्तोगीबाईंचं नाव शोधताना बोटं पिठानं घसरत होती. लागला. वाजायला लागला. तिनं स्पीकर चालू करून फोन दिवाणावर ठेवला, कारण हातात धरवत नव्हता.

बाहेरचं फाटक वाजलं. अंतरा आत आली, गाल थंडीनं लाल. तिनं आईकडं बघितलं, मग थेट स्वयंपाकघरात गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली. तेल पातळ होतं. कुणीतरी आधीच गरम करून ठेवलं होतं.

"मम्मी, आपने कल बोला था, पक्का."

ती दिवाणाशी खाली बसली, आईच्या गुडघ्यांना पाठ टेकून. पूर्ण भार टाकून. दोन वर्षांत या मुलीनं एवढा भार कधी टाकला नव्हता. केस सोडले, मान खाली घातली. मानेवरची बारीक लव, तिथला तो लहानपणीचा तीळ.

फोन वाजतच होता.

प्रतिमानं बोटं तेलात बुडवली. पुसून पुन्हा बुडवली. मग केसांत घातली.

अंतराचे खांदे वर आले. "ऐसे नहीं."

"मग कसं गं?"

"कल जैसे. ये चुभ रहा है, मम्मी." मान जरा पुढं झाली, पाठ गुडघ्यांपासून सुटली. "रहने दो अगर मन नहीं है. मैं पढ़ने जाती हूँ."

"थांब," प्रतिमा म्हणाली. "जाऊ नकोस. थांब जरा."

"हैलो?" फोनमधून आवाज आला. "प्रतिमाजी? बोलिए, मैं सुन रही हूँ."

अंतरा थांबली होती, अर्धवट उठलेली, एक हात फरशीवर टेकलेला. प्रतिमा आपल्या हातांकडं बघत राहिली. तेलानं आणि पिठानं माखलेली दहा बोटं. आईनं चापट मारून शिकवलेली, पोरीला पहिल्यांदा उचलून घेतलेली.

"प्रतिमाजी? कुछ हुआ है? कुछ दिखा?"

तिनं करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट आत, तळहातात घट्ट दुमडत गेली. मग मिटलेले हात मुलीच्या डोक्यावर ठेवले आणि फिरवले. गोल, सावकाश.

अंतराची पाठ पुन्हा गुडघ्यांना टेकली. सगळा भार परत आला.

"हाँ," ती म्हणाली. "ऐसे."

"नहीं, डॉक्टर," प्रतिमा फोनकडं न बघता म्हणाली. "सब ठीक है."

अंगठे तेवढे बाहेर राहिले होते. तेही तिनं आत घेतले.